सुपरव्हिजनला केस कशी न्यावी: समुपदेशन शिकणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने तयारी

समुपदेशन किंवा मानसोपचाराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात थिअरीचे पेपर सुटतात, वर्गातले रोलप्ले जमायला लागतात आणि मग एक दिवस खराखुरा क्लायंट समोर येऊन बसतो. तिथून पुढचं बरंचसं शिकणं सुपरव्हिजनच्या तासात, म्हणजे अनुभवी समुपदेशकासोबत (सुपरव्हायझरसोबत) आपलं काम तपासून घेण्याच्या तासात होतं, आणि नेमका हाच तास बहुतेक विद्यार्थी अर्ध्या तयारीने गाठतात. क्लायंटचं बालपण, लग्न, नोकरी, सासर-माहेर यांत पाऊण तास जातो. उरलेल्या वेळात घाईघाईने प्रश्न येतो, "मग आता मी काय करू?" सुपरव्हायझर अंदाजाने काहीतरी सुचवतात, विद्यार्थी ते वहीत उतरवतो आणि पुढच्या सेशनमध्ये जसंच्या तसं क्लायंटला ऐकवतो.

यात विद्यार्थ्याचं स्वतःचं काम कुठेच दिसत नाही. त्याने काय विचारलं, कुठे घाई केली, कोणत्या शब्दावर विषय बदलला, हे सुपरव्हायझरला कळतच नाही. सुपरव्हायझर क्लायंटला भेटलेले नसतात आणि भेटणारही नसतात. मदत करता येते ती तुमच्या कामात, आणि तीसुद्धा ते काम त्यांच्यासमोर आलं तरच. खालची सगळी तयारी त्यासाठी आहे. टप्प्यांचा क्रम बदलू नका; बऱ्याच चुका क्रम उलटा झाल्यामुळेच होतात.

## १. पहिला क्लायंट येण्याआधी सुपरव्हायझरशी बोलून घ्या

हे बोलणं पहिल्या सेशननंतर करायचं, असं अनेकजण धरून चालतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण पहिल्याच सेशनमध्ये कुणी आत्महत्येचे विचार बोलून दाखवू शकतं, आणि तेव्हा फोन कुणाला करायचा हे शोधत बसायला वेळ नसतो.

या भेटीत पुढच्या गोष्टी विचारा आणि लिहून घ्या:

- तातडीच्या वेळी संपर्क कुणाशी करायचा? ती व्यक्ती उपलब्ध नसेल तर दुसरी कोण?
- रेकॉर्डिंग चालतं का? ऑडिओ की व्हिडिओ? फाइल कुठे ठेवायची आणि किती दिवस?
- सुपरव्हिजन एकट्याचं आहे की गटात? गटात असेल तर तिथे कोण कोण असतं?
- माझं मूल्यमापन कशावर होणार आणि ते कुणाकडे जाणार?
- मतभेद झाला किंवा तक्रार असली तर ती कुणाकडे न्यायची?

मूल्यमापनाचा प्रश्न विचारायला विद्यार्थी बिचकतात. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसासमोर चुका उघड करायच्या तोच माणूस तुम्हाला गुणही देणार आहे, ही अवघड स्थिती आहे, आणि त्याबद्दल आधी मोकळेपणाने बोलणं झालं तर पुढे लपवालपवी कमी होते.

तासांचा हिशेबही याच वेळी समजून घ्या. क्लायंटसमोर बसलेले तास वेगळे आणि नोंदी, तयारी, सुपरव्हिजन, बैठका यांचे तास वेगळे. उदाहरणार्थ, अमेरिकेत समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या कॅक्रेप या संस्थेच्या मानकांनुसार प्रॅक्टिकमच्या (देखरेखीखालच्या सुरुवातीच्या सरावाच्या) किमान १०० तासांपैकी ४० आणि इंटर्नशिपच्या ६०० पैकी २४० तास थेट क्लायंटसोबतचे असावे लागतात. तुमच्या संस्थेचे आकडे वेगळे असतील, पण विभागणी बहुतेक ठिकाणी असतेच. एकूण तास पुरे झाले आणि थेट तास कमी पडले, हे शेवटच्या महिन्यात कळलं तर पदवी लांबते. दर आठवड्याला नोंद करा आणि सही त्या त्या आठवड्यालाच घ्या.

तपासा: तातडीच्या संपर्काची दोन नावं आणि नंबर तुमच्याकडे कागदावर आहेत का? नसतील तर क्लायंट घेऊ नका.

## २. संमती घ्या, आणि ती दोनदा घ्या

समुपदेशनाला संमती ही एक गोष्ट आणि रेकॉर्डिंगला संमती ही दुसरी. दोन्ही एकाच कागदावर, एकाच सहीत उरकल्या की क्लायंटला वाटतं, रेकॉर्डिंग नाकारलं तर आपल्याला भेटणारच नाहीत. म्हणून दोन वेगळे कागद ठेवा आणि दोन वेगळ्या वेळी बोला.

आपण प्रशिक्षणार्थी आहोत हे स्पष्ट सांगायचं. "मी इथे समुपदेशक आहे" एवढ्यावर थांबणं म्हणजे माहिती दडवणं आहे. गोपनीयतेच्या मर्यादाही सेशन सुरू होण्याआधीच सांगायच्या: जिवाला धोका असेल, लहान मुलाचा छळ होत असेल किंवा कायद्याने बंधनकारक असेल तर माहिती बाहेर जाऊ शकते, आणि सुपरव्हायझरशी चर्चा तर होणारच.

रेकॉर्डिंगबद्दल साधारण असं बोलता येईल:

"मी सध्या शिकतो आहे आणि माझं काम माझे सुपरव्हायझर तपासतात. त्यासाठी आपल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करायची माझी इच्छा आहे. ते फक्त मी आणि सुपरव्हायझर ऐकू, आणि अमुक तारखेपर्यंत ते पुसलं जाईल. तुम्ही नाही म्हणालात तरी आपलं काम असंच चालेल. आज हो म्हणालात आणि मध्येच बंद करावंसं वाटलं, तर तसं सांगा, मी लगेच बंद करीन."

आवाज स्थिर ठेवून बोला. विद्यार्थी "सॉरी, म्हणजे, तुम्हाला चालणार असेल तरच, नसेल तर राहू दे" असं म्हणत विचारतो तेव्हा क्लायंटला वाटतं, यात काहीतरी धोका असणार. नकार येतो तो बहुतेकदा या अवघडलेपणामुळे. तरीही नकार आला तर "ठीक आहे" म्हणा आणि पुढे चला. पुन्हा पुन्हा विचारू नका.

क्लायंट अल्पवयीन असेल तर पालकांची लेखी संमती लागते, पण मुलालाही त्याला समजेल अशा शब्दांत विचारा. पालकांनी सही केली म्हणून मुलाचं मत गृहीत धरू नका.

सावधान: गटात रेकॉर्डिंग ऐकवणार असाल तर "फक्त सुपरव्हायझर" असं सांगून घेतलेली संमती पुरत नाही. कोण कोण ऐकणार ते त्या कागदावर असायला हवं.

## ३. रेकॉर्डिंगची व्यवस्था

शक्यतो संस्थेचं उपकरण वापरा. स्वतःचा फोन वापरावाच लागला तर आधी क्लाउड बॅकअप बंद करा, नाहीतर फाइल तुमच्या नकळत दुसऱ्या सर्व्हरवर गेलेली असेल. क्लायंट येण्याआधी दोन मिनिटांची चाचणी घ्या, माइक स्वतःपेक्षा क्लायंटच्या जवळ ठेवा. फाइलला क्लायंटचं नाव देऊ नका. संकेतांक द्या आणि नाव-संकेतांकाची यादी वेगळीकडे कुलपात ठेवा. फाइल व्हॉट्सअॅप किंवा साध्या ईमेलवरून कुणालाही पाठवायची नाही, सुपरव्हायझरलासुद्धा.

सावधान: आवाजाचा मजकूर आपोआप करून देणारी ॲप्स हल्ली सर्रास वापरली जातात. त्यांतल्या बऱ्याच ॲप्समध्ये आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जातो. संस्थेची परवानगी आणि क्लायंटच्या संमतिपत्रात तसा उल्लेख, हे दोन्ही असल्याशिवाय ती वापरू नका. शिकण्याच्या दृष्टीने तर ट्रान्सक्रिप्ट हातानेच करावी असं माझं ठाम मत आहे. कारण सहाव्या टप्प्यात येईल.

## ४. सेशन संपल्यावर त्याच दिवशी लिहा

रेकॉर्डिंग आहे म्हणून नोंदी पुढे ढकलल्या जातात. असं करू नका. सेशन संपल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं रेकॉर्डिंगला हात न लावता आठवेल तसं लिहून काढा. यामागे कारण आहे. नंतर रेकॉर्डिंग ऐकताना तुम्हाला दिसेल की आठवणीतून काही भाग पूर्ण गळून गेला आहे. गळालेला तो भाग बहुतेकदा तोच असतो जिथे तुम्ही अस्वस्थ झाला होतात, आणि सुपरव्हिजनला न्यायला तोच सगळ्यांत मोलाचा.

दोन प्रकारच्या नोंदींची सरमिसळ करू नका. संस्थेच्या फाइलमध्ये जाणारी नोंद थोडक्यात असते: तारीख, वेळ, क्लायंटने काय मांडलं, तुम्ही काय केलं, धोक्याची स्थिती, पुढे काय ठरलं. तुमच्या स्वतःच्या मनात काय उमटलं, ते शिकण्यासाठीच्या वेगळ्या वहीत जातं, आणि त्या वहीतही नाव नसतं. ती वही खाजगी आहे म्हणून कुणी कधीच मागणार नाही, असं मात्र समजू नका. तिच्याबद्दलचा नियम संस्थेत विचारून घ्या.

फाइलमधल्या नोंदीत निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे ठेवा. "क्लायंट आक्रमक आणि असहकारी होती" हा निष्कर्ष झाला. "उशिरा येण्याबद्दल विचारल्यावर आवाज चढला, 'तुम्हीही तसेच' असं म्हणाली, मग सुमारे मिनिटभर बोलली नाही" हे निरीक्षण. क्लायंट उद्या ही नोंद वाचायला मागू शकते, हे मनात ठेवून लिहिलं की भाषा आपोआप जबाबदार होते.

तपासा: नोंदीतलं प्रत्येक विशेषण काढून पाहा. त्याच्या जागी दिसलेली किंवा ऐकलेली गोष्ट लिहिता येते का?

## थांबा: हे सुपरव्हिजनच्या वारापर्यंत थांबत नाही

आत्महत्येचे विचार, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा इरादा, मुलावर किंवा परावलंबी व्यक्तीवर चाललेला छळ, यांपैकी काहीही समोर आलं तर सुपरव्हायझरला त्याच दिवशी, शक्यतो क्लायंट इमारतीत असतानाच कळवायचं. "परवा सुपरव्हिजन आहेच, तेव्हा सांगू" ही नवख्यांची सर्वांत धोकादायक चूक आहे.

आत्महत्येबद्दल सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. "जीव द्यावा असं मनात येतं का?" इतकं स्पष्ट. हो म्हणाल्यास विचार किती वेळा येतो, काही योजना आहे का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झाला होता का, आणि कशामुळे आजवर थांबलात, हे क्रमाने विचारा.

तुमच्या केंद्रात पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासण्याची प्रश्नावली वापरत असतील तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. ० ते २७ पैकी एकूण गुण कमी आले म्हणून निश्चिंत होऊ नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर त्याच सेशनमध्ये त्याविषयी बोलायचं.

"मी असं काही करणार नाही" असं लेखी वचन घेऊन समाधान मानू नका. त्याने क्लायंट सुरक्षित होत नाही, फक्त आपली काळजी कमी होते. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेली सुरक्षा-योजना क्लायंटसोबत बसून भरा. तिचे सहा भाग आहेत: धोक्याच्या खुणा, स्वतः एकट्याने करता येण्यासारखे उपाय, लक्ष दुसरीकडे वळवणारी माणसं आणि ठिकाणं, मदत मागता येईल अशी जवळची माणसं, व्यावसायिक आणि तातडीच्या सेवा, आणि घातक साधनं दूर करणं. सुपरव्हायझर ती तपासतील, तेही त्याच दिवशी.

## ५. रेकॉर्डिंग दोनदा ऐका

पहिल्यांदा सलग ऐका, पेन न उचलता. स्वतःचा आवाज ऐकणं सुरुवातीला नकोसं वाटतं आणि विद्यार्थी त्यामुळे थोडंसं ऐकून सोडून देतात. दोन-तीन रेकॉर्डिंगनंतर ती अस्वस्थता ओसरते, तेवढी कळ सोसा.

दुसऱ्यांदा ऐकताना नॉर्मन केगन यांच्या इंटरपर्सनल प्रोसेस रिकॉल या पद्धतीतली युक्ती वापरा. रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि ज्या क्षणी तुम्हाला त्या वेळचा एखादा विचार, भावना किंवा शरीरातली जाणीव आठवेल तिथे थांबवायचं. मग स्वतःला विचारायचं: तेव्हा मला काय वाटत होतं? काय बोलावंसं वाटलं आणि मी बोललो नाही? क्लायंटला माझ्याबद्दल काय वाटत असेल असं मला वाटलं? प्रत्येक थांब्याची वेळ मिनिट-सेकंदात लिहून ठेवा.

या वेळी स्वतःला गुण देऊ नका. "इथे चुकलं, तिथे बरं होतं" असं सुरू झालं की ऐकणं थांबतं.

## ६. एक तुकडा निवडा आणि शब्दशः उतरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे, आणि विद्यार्थी सगळ्यात जास्त टाळाटाळही इथेच करतात.

पूर्ण सेशनची ट्रान्सक्रिप्ट करायची गरज नाही. सात ते दहा मिनिटांचा तुकडा पुरे. निवड मात्र प्रामाणिक हवी. आपण छान बोललो तो तुकडा नेण्याचा मोह होतो. त्याऐवजी थांब्यांची यादी पाहा आणि जिथे एकमेकांजवळ दोन-तीन थांबे आलेत तो भाग उचला. तिथे काहीतरी घडलेलं असतं.

उतरवताना काहीच नीटनेटकं करू नका. "हं", "म्हणजे", अर्धवट वाक्यं, एकमेकांच्या बोलण्यात घुसणं, उसासा, हसणं, सगळं लिहा. शांतता सेकंदांत मोजून लिहा. हे हाताने का करायचं ते इथे कळतं: एकच वाक्य चार वेळा मागे जाऊन ऐकावं लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यातला सूर ऐकू येतो. ॲप शब्द देतं. तो सूर पकडायची सवय तुमच्या कानाला तसंच बसून लागते.

पानाचे चार उभे भाग करा: क्लायंट काय म्हणाली, मी काय म्हणालो, तेव्हा माझ्या मनात काय होतं, आता काय म्हणता येईल असं वाटतं. या लेखासाठी रचलेला एक छोटा नमुना पाहा:

क्लायंट: आईचं ऑपरेशन होतं तेव्हाही भाऊ आला नाही. नेहमीचंच आहे ते. (४ सेकंद शांतता) जाऊ दे.

मी: मग तुम्ही भावाशी याबद्दल बोलून पाहिलंत का?

क्लायंट: हो... म्हणजे, त्याला काही फरक पडत नाही.

मी: कदाचित एकदा शांतपणे सांगून बघता येईल.

क्लायंट: हं. बघते.

वरवर पाहता संवाद सुरळीत चालला आहे. तिसऱ्या भागात विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिलं असेल तर तिथे असं काहीतरी येईल: "ती शांत झाली तेव्हा मला वाटलं आता रडेल. मी घाबरलो." मग दिसतं की चार सेकंदांच्या शांततेनंतरचं "जाऊ दे" हे त्या तुकड्यातलं सगळ्यात जड वाक्य होतं, आणि विद्यार्थी त्याच क्षणी खोलीत नसलेल्या भावाकडे वळला. पुढचं "हं. बघते" हे होकारासारखं ऐकू येतं, पण तिने आत उघडलेलं दार परत लावून घेतल्याची ती खूण आहे. चौथ्या भागात इतकंच पुरे झालं असतं: "'जाऊ दे' म्हणालात, आणि त्याआधी जरा थांबलात."

चौथा भाग भरताना एकच "बरोबर" उत्तर शोधू नका. दोन-तीन पर्याय लिहा, त्यांतला एक "काहीच न बोलणं" असू द्या.

शेवटी स्वतःच्या प्रत्येक वाक्यापुढे त्याचा प्रकार लिहा: बंद प्रश्न, खुला प्रश्न, रिफ्लेक्शन (क्लायंटच्या बोलण्यातला अर्थ किंवा भावना तिला परत ऐकवणं), सारांश, सल्ला, माहिती, स्वतःबद्दलचं बोलणं. मग मोजा. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग (बदलाची इच्छा क्लायंटच्याच बोलण्यातून पुढे आणणारी समुपदेशनाची पद्धत) यातलं काम तपासण्याच्या एमआयटीआय पद्धतीत एका प्रश्नामागे एक रिफ्लेक्शन ही ठीक पातळी आणि दोन रिफ्लेक्शन ही चांगली पातळी मानतात. तुमची पद्धत वेगळी असेल तर हे प्रमाण जसंच्या तसं लागू होणार नाही, पण दहा मिनिटांत चौदा प्रश्न आणि एक रिफ्लेक्शन असा हिशेब निघाला तर ती चौकशी झाली, समुपदेशन नव्हे. हे आकडे कुणी सांगून पटत नाहीत. स्वतः मोजले की पटतात.

तपासा: तिसरा भाग जवळजवळ रिकामा आहे का? असेल तर पाचव्या टप्प्याकडे परत जा. त्याशिवाय ट्रान्सक्रिप्ट म्हणजे नुसता टंकलेखनाचा व्यायाम.

## ७. ओळख पुसा

नाव बदललं म्हणजे काम झालं असं नाही. गावाचं नाव, कंपनी, कॉलेज, दुर्मीळ आजार, मुलांची संख्या आणि व्यवसाय एकत्र आले की माणूस ओळखू येतो, विशेषतः शहर लहान असेल आणि गटातले सगळे तिथलेच असतील तेव्हा. नेमकं वय काढून "तिशीतली" म्हणा, हुद्दा काढून "कार्यालयात काम करते" म्हणा. मात्र केस समजण्यासाठी लागणारी गोष्ट बदलू नका. थोरल्या बहिणीला धाकटी केलं तर ओळख लपते, पण केसही वेगळीच होऊन जाते.

गटात कुणाला क्लायंट ओळखीची वाटली तर त्याने तसं सांगून चर्चेतून बाहेर पडायचं. हा नियम पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

## ८. प्रश्न घडवा

"मी काय करू?" हा प्रश्न सुपरव्हायझरच्या हाती काहीच देत नाही. चांगल्या प्रश्नात क्षण असतो, तुम्ही केलेली कृती असते, त्यामागचं कारण असतं आणि मग विचारणा येते.

प्रश्न कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखा. जॅनीन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या मॉडेलमध्ये सुपरव्हिजनचं लक्ष तीन ठिकाणी जातं: तुम्ही प्रत्यक्ष काय केलं, केस तुम्हाला कशी समजली, आणि त्या कामात तुम्ही माणूस म्हणून कसे उतरलात. वरच्या नमुन्यावर तिन्ही प्रकारचे प्रश्न निघू शकतात.

कौशल्याचा: "अमुक मिनिटाला ती थांबली तेव्हा मी प्रश्न विचारला. शांतता धरून ठेवायची तर शरीराने, चेहऱ्याने काय करायचं? आपण रोलप्ले करून पाहू शकतो का?"

समजुतीचा: "प्रत्येक सेशनमध्ये ती भावाची तक्रार करते आणि 'जाऊ दे'वर येऊन थांबते. मला वाटतं, रागापेक्षा तिला एकटं पडल्याचं दुःख जास्त आहे. या अंदाजाच्या विरोधात जाणारं तुम्हाला काही दिसतं का?"

स्वतःबद्दलचा: "तिला रडू येईल असं वाटलं की मी सल्ल्याकडे वळतो. इतर दोन क्लायंटबाबतही मी हेच केल्याचं दिसतं. याचं काय करायचं?"

तिसऱ्या प्रकारचे प्रश्न सुरुवातीला फार कमी येतात, आणि पहिल्या प्रकारचे ढीगभर. पहिल्या वर्षी हे स्वाभाविक आहे. पण सहा महिने उलटून गेले तरी तुमच्या वहीत तिसऱ्या प्रकारचा एकही प्रश्न नसेल, तर त्यावर सुपरव्हायझरशी बोला.

## ९. एका पानाची मांडणी

सगळ्यात वर प्रश्न. त्याखाली धोक्याची आजची स्थिती, मग क्लायंटची तक्रार तिच्या शब्दांत, आतापर्यंतची सेशन किती, दोघांनी मिळून ठरवलेलं उद्दिष्ट, तुमचा अंदाज आणि तुम्ही केलेलं काम. पार्श्वभूमी शेवटी, चार-पाच ओळींत. बहुतेक विद्यार्थी हे नेमकं उलटं करतात, इतिहासापासून सुरुवात करतात आणि प्रश्नाला वेळच उरत नाही. प्रश्न आधी ऐकला की सुपरव्हायझर बाकीचं त्या कानाने ऐकतात.

निदानाचं लेबल पहिल्या ओळीत लिहू नका. "ही बॉर्डरलाइनची केस आहे" असं वाचल्यावर पुढचं सगळं त्याच चष्म्यातून दिसायला लागतं.

तपासा: पान मोठ्याने वाचा. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर पार्श्वभूमी कापा.

## १०. सुपरव्हिजनच्या तासात

पान द्या, प्रश्न वाचा, तुकडा ऐकवा. ऐकवण्याआधी सफाई देऊ नका. "त्या दिवशी माझी तब्येत बरी नव्हती" किंवा "याच्या आधीचा भाग चांगला होता" ही वाक्यं गिळून टाका.

तासात लपवणं किती सहज घडतं, हे आकड्यांतही दिसलं आहे. निकोलस लडानी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०८ प्रशिक्षणार्थींपैकी ९७ टक्क्यांनी सुपरव्हायझरपासून काही ना काही दडवल्याचं सांगितलं. त्यात सुपरव्हायझरबद्दलची नाराजी होती, स्वतःच्या अडचणी होत्या आणि क्लायंटसोबतच्या चुकाही होत्या. तेव्हा सांगायला जीभ रेटत नाही असं वाटलं तर तुम्ही एकटे नाही. एक उपाय कामाला येतो: "एक गोष्ट आहे, ती सांगायला मला अवघड जातंय" इथून सुरुवात करा. क्लायंटबद्दल वाटणारं आकर्षण, कंटाळा, चीड, भीती, या गोष्टी प्रशिक्षणात येणारच. त्या टेबलावर आल्या तर त्यांवर काम होतं. न आल्या तर त्या सेशनमध्ये शिरतात, आणि किंमत क्लायंट मोजते.

सुपरव्हायझर बोलत असताना "हो, पण" किती वेळा म्हणता याकडे लक्ष द्या. कधीकधी क्लायंट तुमच्याशी जे करते तेच तुम्ही नकळत सुपरव्हायझरशी करू लागता. क्लायंट प्रत्येक पर्याय नाकारते आणि तुम्हीही सुपरव्हायझरचा प्रत्येक पर्याय नाकारता. हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये ही गोष्ट टिपली होती; आज तिला पॅरलल प्रोसेस म्हणतात. ती लक्षात आली तर तिथेच बोलून दाखवा, केस समजण्याचा तो जवळचा रस्ता ठरू शकतो.

सुपरव्हायझर चुकत आहेत असं वाटलं तर ट्रान्सक्रिप्टवर बोट ठेवून बोला: "मला इथे वेगळं ऐकू येतंय." पुराव्यासह केलेला मतभेद चांगल्या सुपरव्हायझरला आवडतो.

सावधान: सुपरव्हिजन म्हणजे तुमचं स्वतःचं समुपदेशन नाही. स्वतःची जुनी जखम कामात येते आहे असं दिसलं तर ती कामावर काय परिणाम करते तेवढं इथे बोला आणि बाकीचं स्वतःच्या थेरपिस्टकडे न्या. सुपरव्हायझर तुमच्या खाजगी आयुष्यात गरजेपेक्षा जास्त खोल जाऊ लागले तर तसं सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. पहिल्या टप्प्यात विचारलेला तक्रारीचा मार्ग अशाच वेळेसाठी असतो.

## ११. परत क्लायंटकडे जाताना

तास संपल्यावर लगेच तीन ओळी लिहा: काय नवं दिसलं, पुढच्या सेशनमध्ये कशाकडे लक्ष ठेवणार, आणि कोणत्या गोष्टीबद्दल अजून खात्री वाटत नाही. यातल्या क्लायंटशी संबंधित निर्णयाची नोंद अधिकृत फाइलमध्येही करा. सुपरव्हायझरने दिलेली सूचना, विशेषतः धोक्याबाबतची, तारखेसह तिथे असलीच पाहिजे.

सुपरव्हायझरचं वाक्य पाठ करून सेशनमध्ये जाऊ नका. "तुम्ही एकट्या पडलात याचं दुःख आहे ना?" हे वाक्य सुपरव्हिजनमध्ये कितीही अचूक वाटलं, तरी ती त्या दिवशी मुलाच्या परीक्षेबद्दल बोलायला आली असेल तर ते तिच्या डोक्यावर येऊन आदळतं. वाक्य मागे ठेवा, लक्ष सोबत न्या. ती पुन्हा कधी "जाऊ दे" म्हणेल आणि तेव्हा तुम्ही थांबाल, एवढं झालं तरी त्या आठवड्याचं काम झालं.

पुढच्या सुपरव्हिजनची सुरुवात मागच्या तीन ओळींपासून करा: जे पाहायचं ठरवलं होतं ते पाहिलं का, आणि काय घडलं? हा दुवा तुटला की दर आठवड्याला नवी केस, नवा प्रश्न असं चालू राहतं आणि वर्षअखेरीला मूल्यमापनात तुमची वाढ दाखवायला हाती काही राहत नाही.

रेकॉर्डिंग पुसण्याची जी तारीख क्लायंटला सांगितली होती ती कॅलेंडरमध्ये आजच घाला. त्या दिवशी मूळ फाइल, तिची प्रत, रिसायकल बिन आणि कुठे बॅकअप राहिला असेल तर तोही पुसा, आणि पुसल्याची तारीख संमतिपत्राच्या खाली लिहून सही करा.